रशियन आपली कोण लागते?

सुरत-नागपूर-कोलकाता महामार्गावर मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान वडनेर भोलजी हे गाव आहे. नकाशात या गावावर बोट ठेवून दोन अंतरे मोजून पाहू. वायव्येला मॉस्को सरळ रेषेत सुमारे पाच हजार किलोमीटर दूर आहे. उत्तरेला पूर्णा नदी ओलांडली की सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद तालुका लागतो. तेथील जामोद, सोनबर्डी अशा गावांमध्ये निहाली नावाची भाषा बोलणारे लोक राहतात. हे अंतर जेमतेम तीस-चाळीस किलोमीटरचे.

आता प्रश्न असा, की वडनेरच्या शाळेत बोलल्या जाणाऱ्या मराठीला रक्ताच्या नात्याने जवळची भाषा कोणती, मॉस्कोची रशियन की शेजारची निहाली? बहुतेक विद्यार्थी निहालीचे नाव घेतील. शेजारच्या भाषा एकमेकींसारख्या असणार, हे गृहीत धरणे स्वाभाविकच आहे. पण उत्तर रशियन असे आहे. रशियन आपल्या भावकीतली आहे. निहाली शेजारीण आहे, तिच्याशी आपली शतकानुशतकांची देवाणघेवाण आहे, पण नाते नाही.

हे कशावरून ठरवतात? भाषांच्या नात्याचा पुरावा कसा असतो आणि कसा नसतो? हे नीट समजून घेणे शिक्षकांना दोन कारणांनी आवश्यक आहे. ‘जगातल्या सर्व भाषा संस्कृतमधून निघाल्या’, ‘रशिया म्हणजे ऋषीय’ अशी विधाने विद्यार्थ्यांच्या कानांवर सतत पडत असतात. आणि वर्गातल्या मुलांच्या बोलीकडे आपण कसे पाहतो, याचाही या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे.

घरातली नाती

सुरुवात घरातूनच करू. रशियन शब्दांचे उच्चार देवनागरीत अगदी तंतोतंत उतरत नाहीत, ते येथे जवळपास दिले आहेत. त्यांतला ‘झ’ हा ‘झाड’ या शब्दातल्या झप्रमाणे वाचावा.

आई : संस्कृत मातृ, रशियन मात्.
भाऊ : संस्कृत भ्राता, रशियन ब्रात.
बहीण : संस्कृत स्वसृ, रशियन सेस्त्रा.
मुलगा : संस्कृत सूनु, रशियन सिन.
दीर : संस्कृत देवर, रशियन देवेर.
सून : संस्कृत स्नुषा, रशियन स्नोखा.
सासरा : संस्कृत श्वशुर, रशियन स्व्योकर.
सासू : संस्कृत श्वश्रू, रशियन स्वेक्रोव.
विधवा : संस्कृत विधवा, रशियन व्दोवा.

दीर आणि सून हे शब्द विशेष लक्ष देण्यासारखे आहेत. इंग्रजीत या नात्यांना आज स्वतंत्र शब्द उरलेले नाहीत. ‘कायद्याने भाऊ’, ‘कायद्याने मुलगी’ अशा जोडशब्दांवर तेथे भागवले जाते. रशियन आणि मराठी या दोन्ही भाषांनी मात्र हे जुने शब्द सांभाळले. रशियनमध्ये ‘स्व्योकर’ म्हणजे फक्त नवऱ्याचे वडील. बायकोच्या वडिलांसाठी तिथे वेगळाच शब्द आहे.

आकड्यांचेही तसेच. दोन ते दहा हे आकडे रशियनमध्ये असे आहेत : द्वा, त्री, चेतीरे, प्यात्, शेस्त्, सेम, वोसेम, देव्यत्, देस्यत्. शंभराला स्तो म्हणतात. संस्कृतमधील द्वि, त्रि, चत्वारः, पञ्च, षट्, सप्त, अष्ट, नव, दश, शतम् यांच्याशी ताडून पाहिले तर बरेच साम्य दिसते.

यात नऊ आणि आठ हे दोन आकडे थोडे विचित्र वाटतील. नऊला ‘न’ने सुरू होणारा शब्द हवा होता, पण तिथे ‘देव्यत्’ आहे. मोजताना नवाच्या लगेच पुढे ‘देस्यत्’ येतो, त्याच्या ओढीने नचा द झाला. आठाच्या ‘वोसेम’मधला सुरुवातीचा ‘व’ही मागाहून आलेला आहे. शब्दारंभीच्या ‘ओ’ला पुढे ‘व’ चिकटला. आपल्याकडे खेड्यात ‘ओळख’ची ‘वळख’ होते आणि ‘ओला’चा ‘वला’ होतो, तशीच ही क्रिया.

दिसण्यावर जाऊ नये

असे साम्य पाहून मनाला आनंद होतो. पण नुसते साम्य हा पुरावा नव्हे. जगातल्या कोणत्याही दोन भाषांचे कोश शेजारी ठेवले तर योगायोगाने सारखे वाटणारे दहा-वीस शब्द सापडतातच. शिवाय शब्द उसनेही घेतले जातात. मराठीत ‘टेबल’ आहे म्हणून मराठी इंग्रजीची मुलगी ठरत नाही. नाते ठरवायचे तर साम्यात नियम आहे काय, हे पाहावे लागते.

नियम म्हणजे काय, हे समजायला वऱ्हाडी मुलाच्या बोलण्याइतके चांगले उदाहरण नाही. प्रमाण मराठीतले काही शब्द आणि त्यांची वऱ्हाडी रूपे पाहू : शाळा–शाया, डोळा–डोया, काळा–काया, फळा–फया, सकाळ–सकाय. हे मूल ‘ळ’च्या जागी कधी ‘य’, कधी ‘र’, कधी ‘म’ असे काहीही म्हणत नाही. जिथे जिथे पुस्तकात ळ, तिथे तिथे त्याच्या तोंडी य. म्हणजे ही चूक नाही. हा ध्वनिबदलाचा नियम आहे, आणि कोणी न शिकवता तो पाळला जातो.

प्रमाण मराठीनेही याआधी असेच केलेले आहे. संस्कृतमध्ये शाला, फल, काल असे शब्द होते. दोन स्वरांमधल्या लचा ळ झाला आणि शाळा, फळ, काळ हे शब्द तयार झाले. शाला, शाळा, शाया या एकाच वाटेवरच्या तीन पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीवर उभे राहून तिसऱ्या पायरीला अशुद्ध म्हणायचे असेल, तर पहिल्या पायरीवरून दुसरीलाही तेच म्हणता येईल.

आता हीच कसोटी रशियनला लावू. संस्कृतमध्ये जिथे ‘ह’ आहे, अशा काही शब्दांची रशियन रूपे पाहा. हिम–झिमा (हिवाळा). लिह् म्हणजे चाटणे–लिझात्. (आयुर्वेदातला ‘अवलेह’ हा शब्द याच धातूचा.) वह् म्हणजे वाहून नेणे–वेझती. अहम् म्हणजे मी; रशियनमध्ये आज ‘या’ म्हणतात, पण जुन्या स्लाव धर्मग्रंथांच्या भाषेत तो ‘आझ’ होता. चारही ठिकाणी ह आणि झ समोरासमोर येतात. हिम आणि झिमा हे शब्द कानाला फारसे सारखे वाटत नाहीत. पण शाळा आणि शाया यांच्यात जसा नियम आहे, तसाच तो येथेही आहे. म्हणून हिम–झिमा हा पुरावा ‘माता–मात्’ यापेक्षाही मोलाचा आहे. उसना शब्द जसाच्या तसा येतो. नियमाने बदललेला शब्द वारशाने आलेला असतो.

दुसरा नियम असा की संस्कृतच्या काही ‘ज’समोरही रशियनमध्ये झच येतो. ज्ञा म्हणजे जाणणे–झ्नात्. भूर्ज हे झाड–बेर्योझा. भूर्जपत्रावर आपल्याकडे काश्मिरात ग्रंथ लिहिले जात. रशियात नोव्हगोरोद शहराच्या उत्खननात याच झाडाच्या सालीवर लिहिलेली शेकडो जुनी पत्रे मिळाली आहेत, त्यांतले पहिले १९५१ साली सापडले. झाड एक, उपयोग एक आणि शब्दाचे मूळही एक.

सोयुझ म्हणजे संयोग नव्हे

नियमाचा खरा उपयोग नको ते साम्य बाजूला काढण्यासाठी होतो. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा ‘सोयुझ टी-११’ या यानातून अवकाशात गेले. ‘सोयुझ’चा अर्थ संघ, जोड. संस्कृतच्या ‘संयोग’शी हा शब्द उच्चाराने आणि अर्थाने इतका जुळतो, की दोन्ही एकच म्हणण्याचा मोह कोणालाही होईल.

नियम काय सांगतो ते पाहू. ‘योग’ ज्या मुळातून आला, त्याच मुळातला ‘युग’ हा शब्द बैलांच्या जोखडासाठी वापरला जाई. आपल्या शेतकऱ्याचे ‘जू’ ते हेच. ‘यात्रा’ची जशी ‘जत्रा’ झाली, तसा सुरुवातीच्या यचा ज झाला. मधला ग प्राकृतात गळाला आणि ‘युग’चे ‘जू’ बनले. रशियनमध्ये याच शब्दाचे रूप ‘इगो’ असे आहे, अर्थ जोखड. रशियावरील मंगोल सत्तेचा उल्लेख तेथील इतिहासाची पुस्तके याच शब्दाने करतात. म्हणजे या मुळातला ग रशियनमध्ये गच राहतो. त्याचा झ होत नाही.

मग ‘सोयुझ’मधला झ आला कोठून? हा शब्द ‘उझी’ म्हणजे बंधन, ‘उझकी’ म्हणजे अरुंद यांच्या कुळातला आहे. त्याचे संस्कृत भाऊबंद म्हणजे अंहु (अरुंद) आणि अंहस् (संकट, कोंडी). ह आणि झ पुन्हा समोरासमोर आले. अशा प्रकारे ‘सोयुझ–संयोग’ ही सुंदर दिसणारी जोडी बाद होते, आणि ‘जू–इगो’ ही मुळीच न जुळणारी जोडी सख्खी ठरते.

याउलट ‘स्पुतनिक’ हा शब्द खरोखरच ओळखीचा आहे. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोडलेल्या पहिल्या कृत्रिम उपग्रहाचे हे नाव. यातला ‘स’ म्हणजे सह आणि ‘पुत्’ म्हणजे वाट. पुत् हा संस्कृतच्या पथ, पन्थन् या शब्दांचा भाऊ. स्पुतनिक म्हणजे वाटेवरचा सोबती.

संस्कृत आई की मावशी?

इतके साम्य आहे, तर रशियन संस्कृतमधूनच निघाली असे का म्हणू नये? याचेही उत्तर शाळा–शाया या उदाहरणातच आहे.

वऱ्हाडीत ‘काया’ म्हणजे शरीर आणि ‘काया’ म्हणजे काळा. मूळचे दोन वेगळे ध्वनी येथे एकत्र मिसळले. समजा, कोणी म्हणाले की वऱ्हाडी ही आई आणि प्रमाण मराठी तिची मुलगी. तर मग प्रमाण मराठीने एका ‘काया’चा ‘काळा’ केला आणि दुसरीला तसेच ठेवले, ते कशाच्या आधारे? मिसळलेले ध्वनी आपोआप नेमके पुन्हा वेगळे होऊ शकत नाहीत. दुधात मिसळलेले पाणी परत बाजूला काढता येत नाही, तसेच हे. म्हणून ज्या भाषेत दोन ध्वनी मिसळून गेले, ती भाषा ते वेगळे राखणाऱ्या भाषेची आई असू शकत नाही.

संस्कृतमध्ये काय मिसळले? संस्कृतच्या ‘अ’समोर रशियनमध्ये काही शब्दांत ए येतो आणि काही शब्दांत ओ. दश–देस्यत् आणि मधु–म्योद (जुने रूप मेद्) येथे ए. अष्ट–वोसेम आणि नक्त–नोच् (रात्र) येथे ओ. नभस्–नेबो (आकाश) येथे तर एकाच शब्दात दोन्ही. हा भेद रशियनने आपल्या मनाने केलेला नाही, कारण ग्रीकमध्येही तो बरोबर त्याच जागी आहे. दहाला ग्रीकमध्ये ‘देका’ म्हणतात आणि आठाला ‘ओक्तो’. हजारो किलोमीटर अंतरावरच्या भाषांनी न ठरवता एकाच शब्दात ए आणि एकाच शब्दात ओ घालावा, हे शक्य नाही. म्हणजे ए आणि ओ मूळचे आहेत. संस्कृतकडे येणाऱ्या शाखेत ते अमध्ये मिसळले.

रशियनमध्ये काय मिसळले? संस्कृतमधील भ आणि ब, ध आणि द असे भेद रशियनने गमावले. भ्राता–ब्रात, धूम–दिम (धूर), आणि द्वौ–द्वा. ध आणि द दोन्हींचा द झाला. वर ह आणि ज या दोहोंसमोर झ आलेला आपण पाहिला, तेही याच बदलाचे दुसरे रूप. मूळ भाषेतला एक महाप्राण आणि एक अल्पप्राण ध्वनी रशियनच्या शाखेत एकच झाला.

तेव्हा संस्कृत रशियनची आई नाही, तशीच रशियनही संस्कृतची आई नाही. दोघींनी वेगवेगळा ऐवज हरवला आहे आणि वेगवेगळा सांभाळला आहे. दोघींच्या मागे तिसरी एक भाषा होती. ती कोणी लिहून ठेवलेली नाही. तिच्या लेकींची तुलना करूनच तिची रूपे ठरवावी लागतात. अभ्यासक तिला आद्य इंडो-युरोपीय म्हणतात. संस्कृत ही मराठीची पूर्वज, म्हणून आजीच्या जागी धरली, तर रशियनची पूर्वज असलेली जुनी स्लाव भाषा त्या आजीच्या बहिणीसारखी म्हणता येईल. मराठी आणि रशियन या अनेक पिढ्यांमागच्या चुलत बहिणी.

हा विचार पुढे येण्यास कोलकात्यातले एक भाषण निमित्त झाले. २ फेब्रुवारी १७८६ रोजी एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा कदाचित आता नष्ट झालेल्या एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, असे मांडले. जर्मन अभ्यासक फ्रान्ट्स बॉप यांनी १८१६ पासून क्रियापदांच्या प्रत्ययांची शिस्तशीर तुलना केली, आणि पुढे आपल्या तौलनिक व्याकरणात जुन्या स्लाव भाषेलाही स्थान दिले. ब्योटलिंक आणि रोट यांचा संस्कृतचा सात खंडांचा महाकोश १८५५ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झाला तो रशियाची तेव्हाची राजधानी सेंट पीटर्सबर्ग येथे. संस्कृतचे अभ्यासक आजही त्याला ‘पीटर्सबर्ग कोश’ म्हणून ओळखतात.

मूळ भाषा कोठे बोलली जात होती? काळ्या व कास्पियन समुद्रांच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशात, सुमारे पाच-सहा हजार वर्षांपूर्वी, असे आज बहुसंख्य अभ्यासक मानतात. २०१५ नंतर प्राचीन सांगाड्यांतील डीएनएच्या अभ्यासातून या मताला बळ मिळाले आहे. ती भूमी तुर्कस्तानच्या बाजूला होती, असे मानणारेही आहेत. पण एक गोष्ट वर्गात निक्षून सांगावी. भाषाकुल म्हणजे वंश नव्हे. माणसे भाषा बदलतात आणि मुले शेजाऱ्यांची भाषा शिकतात. रशियन बोलणाऱ्याचे आणि मराठी बोलणाऱ्याचे पूर्वज एक होते, असे भाषेवरून सिद्ध होत नाही.

भावकीतही जवळचे-लांबचे

या कुळात इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, ग्रीक, फारसी, हिंदी अशा अनेक भाषा आहेत. त्यांत रशियनची जागा कोठे? युक्रेनियन आणि बेलारूसी या तिच्या सख्ख्या बहिणी. पोलिश, चेक, बल्गेरियन, सर्बियन याही स्लाव शाखेच्याच. स्लाव शाखेला सर्वांत जवळची शाखा म्हणजे लिथुआनियन आणि लाटवियन यांची बाल्टिक शाखा.

भारत-इराणी शाखेशी रशियनची दोन ठळक साम्ये आहेत. शंभराच्या शब्दात लॅटिनने क ठेवला (केन्तुम), इंग्रजीत त्याचा ह झाला. संस्कृतमध्ये तेथे श (शतम्), जुन्या इराणी अवेस्तात स (सतेम) आणि रशियनमध्येही स (स्तो) आला. हे दश–देस्यत् आणि श्रवण–स्लिशात् (ऐकणे) येथेही दिसते. कोणत्याही नियमाप्रमाणे याला अपवाद आहेत. ‘श्वशुर’समोर रशियनमध्ये स यायला हवा होता, पण ‘स्व्योकर’मध्ये क राहून गेला आहे.

दुसरे साम्य संस्कृत शिकवणाऱ्यांना अधिक भावेल. ‘लतासु’ पण ‘हरिषु’, असे आपण शिकवतो. इ, उ, र, क यांच्यानंतर सचा ष होतो. स्लाव भाषांतही याच ध्वनींनंतर स बदलला आणि त्याचा ख झाला. स्नुषा–स्नोखा आणि शुष्क–सुखोय (सुका) ही जोडी त्याचीच. इतकेच नव्हे, तर ‘घरांमध्ये’ या अर्थाचे रशियन रूप ‘दोमाख’ असे होते. त्यातला शेवटचा ख म्हणजे आपल्या सप्तमी बहुवचनाच्या ‘षु’चा भाऊ. तो पुढे सर्व नामांना लागू लागला.

मात्र तृतीयेच्या बहुवचनात संस्कृत ‘भिः’ प्रत्यय लावते आणि रशियन ‘मि’ लावते. हा ‘म’ जर्मन शाखेतल्या जुन्या भाषांतही आहे. म्हणजे एका बाबतीत रशियन आपल्याकडे झुकते, तर दुसऱ्या बाबतीत जर्मनकडे. त्यामुळेच नुसते वंशवृक्षाचे चित्र अपुरे पडते. योहानेस श्मिट यांनी १८७२ मध्ये पाण्यातल्या तरंगांची उपमा सुचवली. बदल एका ठिकाणी सुरू होतात आणि शेजारच्या बोलींमध्ये पसरत जातात. वेगवेगळे तरंग वेगवेगळ्या सीमांपर्यंत पोहोचतात.

गेला, गेली, गेले

एक साम्य फसवे आहे, पण शिकवण्यासारखे आहे. रशियनमध्ये ‘तो प्याला’ म्हणजे ‘ओन पिल’, ‘ती प्याली’ म्हणजे ‘अना पिला’, ‘ते प्याले’ म्हणजे ‘अनो पिलो’. धातू तोच, तिन्ही लिंगे मराठीसारखी, आणि भूतकाळात मराठीसारखाच ‘ल’. हिंदीने गमावलेले नपुंसकलिंग मराठी आणि रशियन या दोघींनीही राखले आहे.

पण या दोन ‘ल’कारांची वाट वेगळी आहे. स्लाव भाषांचा ल हा फार जुन्या विशेषणवाचक प्रत्ययातून आला. संस्कृतमध्ये भूतकाळाचा असा ल नव्हताच. तेथे ‘गतः’ म्हणत. प्राकृतात ‘गत’चे ‘गय’ झाले, त्याला ‘इल्ल’ हा प्रत्यय लागला आणि त्यातून ‘गेला’ घडला. म्हणजे मराठी आणि रशियन यांचा भूतकाळ त्यांना वारशाने मिळालेला नाही. दोघींनी तो आपापल्या घरी, वेगवेगळ्या काळी तयार केला. दोन्ही ठिकाणी मूळ रूप विशेषणासारखे होते, म्हणूनच ते लिंगाप्रमाणे बदलू लागले. साम्याचे कारण नाते, उसनवारी, योगायोग किंवा सारखी परिस्थिती यांपैकी काहीही असू शकते. नेमके कोणते, ते दर वेळी तपासावे लागते.

त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन १४७० च्या सुमारास चौलला उतरला आणि जुन्नर, बीदरपर्यंत फिरला. त्याच्या स्मरणार्थ रेवदंड्याला स्मारकही उभारलेले आहे. त्याने आपल्या प्रवासाची टिपणे लिहून ठेवली. आपल्या ‘देवेर’ आणि ‘स्नोखा’ यांची भावंडे जुन्नरच्या घराघरांत वावरत आहेत, हे त्याला कळण्याची सोय नव्हती. इतक्या काळाने झाकलेले नाते कानाने ओळखता येत नाही. त्याला नियमांचा शोधच लागतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी

आता शेजारच्या निहालीकडे वळू. तिचे बोलणारे तिला कलटो असेही म्हणतात. त्यांची संख्या दोन-अडीच हजारांच्या आसपास मानली जाते. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-पाहणीच्या १९०६ च्या खंडात तिला शेजारच्या कोरकूच्या गटात, म्हणजे मुंडा कुळात, टाकले होते. १९६२ मध्ये डच अभ्यासक कुइपर यांनी तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्यांना तिच्यात कोरकू, द्राविडी आणि आर्य भाषांतून आलेले पुष्कळ शब्द आढळले. पण सुमारे पाव भाग शब्द असे होते, की ज्यांची भावंडे भारतात कोठेच सापडत नाहीत. पाण्याला निहालीत ‘जोप्पो’ म्हणतात आणि डोळ्याला ‘जिकी’. पुढे आशा मुंडले आणि के. एस. नागराज यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिचे शब्द व व्याकरण नोंदवले. कोणत्याही ज्ञात कुळात न बसणारी एकाकी भाषा, असे आज तिच्याबद्दल बहुतेक जण मानतात.

तिचे आकडे पाहा : बिडुम, इरार, मोथो, नालो, पाचो. दोन, तीन, चार हे द्राविडी वळणाचे आहेत. पाच आपल्याकडून गेलेला. ‘बिडुम’ तेवढा तिचा स्वतःचा. नुसत्या आकड्यांवरून नाते ठरवले असते, तर निहाली द्राविडी ठरली असती. पण बाकीच्या मूलभूत शब्दांत द्राविडी भाषांशी जुळणारे नियम सापडत नाहीत. आकडे बाजारातून येऊ शकतात.

मग रशियनचे आकडेही कोठून तरी उसने आलेले नसतील कशावरून? कारण तेथे साम्य आकड्यांपाशी थांबत नाही. तेच ध्वनिनियम नात्यांच्या नावांत, अवयवांत, धातूंत आणि थेट प्रत्ययांत चालतात. संस्कृतमध्ये अस्मि, अस्ति, सन्ति. जुन्या स्लावमध्ये येस्मि, येस्ति, सोन्ति. ‘आहे’ या क्रियापदाची असली वाकडीतिकडी रूपे कोणी बाजारातून आणत नाही.

निहालीबद्दल एक जुना समज असा होता, की ती खरी भाषाच नसून इतरांना कळू नये म्हणून बनवलेली चोरटी बोली आहे. भाषा कळत नाही म्हणून तिच्या बोलणाऱ्यांवर असा शिक्का बसणे किती सोपे असते, हे यावरून दिसते. रशियनसारख्या भाषेला सैन्य, शाळा, छापखाने, कोश यांचा आधार आहे. ती आपल्या नात्यातली आहे म्हणून मोठी आणि निहाली कोणाच्याच नात्यातली नाही म्हणून क्षुल्लक, असा अर्थ येथे काढता येत नाही. उलट, रशियन उद्या नाहीशी झाली तरी तिची भावंडे तिच्याविषयी बरेच सांगू शकतील. निहाली नाहीशी झाली तर तिच्याबद्दल सांगायला कोणीही उरणार नाही.

वर्गात करण्यासारखे

१. आपल्या गावच्या बोलीतले आणि पुस्तकातले शब्द समोरासमोर लिहायला सांगावे. शाळा–शाया, पाणी–पानी, ओला–वला असे तीस-चाळीस शब्द जमले, की विद्यार्थ्यांनीच नियम शोधावे. अपवाद सापडले तर ते वेगळे नोंदवावे. अपवादाचे कारण शोधणे हाच पुढचा अभ्यास.

२. एक ते दहा आकडे मराठी, हिंदी, संस्कृत, इंग्रजी, रशियन या भाषांत आणि शेजारच्या कोरकूत लिहावे. कोरकूचे पहिले आकडे मिया, बारिया, आफई, उफुन असे आहेत. कोणती भाषा वेगळी पडते, ते विद्यार्थ्यांनी सांगावे. नंतर निहालीचे आकडे द्यावे आणि घाईने काढलेला निष्कर्ष कसा चुकतो ते दाखवावे.

३. ‘सोयुझ म्हणजे संयोग’ यासारखी एखादी व्युत्पत्ती कोणी सांगितली, तर तिची परीक्षा करायला लावावी. हाच ध्वनिबदल आणखी चार शब्दांत दाखवता येतो का? येत नसेल, तर ती व्युत्पत्ती ऐकायला कितीही गोड असली तरी बाजूला ठेवावी.

४. वर्गात कोरकू किंवा निहाली बोलणारे मूल असेल, तर फळ्यावरच्या एका रकान्यात त्याच्या घरचे शब्द त्यालाच लिहू द्यावे. त्या रकान्यापुरता शिक्षक तेच मूल असेल.